डोंगर पेटतो तेव्हा मातीचे काय होते?

मार्च उजाडला की गौताळा-औट्रमघाटच्या डोंगरांवर कुठे ना कुठे धुराची रेघ दिसतेच. कन्नडकरांना ती नवी नाही. कुणी गवताला नवे कोंब फुटावेत म्हणून काडी लावतो, कुणाची विडी पडते, कुणी बांधावरची धसकटे पेटवतो आणि वारा ती आग वनहद्दीत नेतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती किती हेक्टर जळाले याची. जळलेल्या झाडांखालच्या मातीचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. पृथ्वीवरच्या मातीत, वरच्या एक मीटर थरात, सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असलेल्या कार्बनपेक्षा हा साठा कितीतरी मोठा आहे. हा कार्बन म्हणजे कुजलेला पालापाचोळा, मेलेली मुळे, बुरशी आणि जिवाणू. माती पाणी धरते, जस्त-लोहासारखी द्रव्ये पिकाला सहज मिळतील अशा रूपात ठेवते, ते याच्याच जोरावर. मराठवाड्यातल्या जमिनींत जस्ताची कमतरता सर्रास आढळते. जस्त कमी असलेल्या जमिनीतल्या धान्यातही जस्त कमी उतरते आणि लहान मुलांची वाढ, जुलाब, जखमा भरून येणे यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. मातीचा आजार शेवटी ताटात येतो तो असा.

जंगल आणि शेती यांचा विषय निघाला की पहिला आरोप होतो तो फिरत्या शेतीवर. महाराष्ट्रात तिचा इतिहास मोठा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर ती ‘कुमरी’ म्हणून ओळखली जाई. भामरागडच्या माडिया गोंडांत ‘पेंदा’ होती. रायगडच्या कातकरी-ठाकरांना इंग्रजांनी नाचणी-वरीसाठी डोंगरउतारावर ‘दळी’चे तुकडे दिले. पद्धत साधी : झाडोरा तोडायचा, वाळवायचा, पावसाआधी पेटवायचा, राखेत दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि तुकडा सोडून द्यायचा. इंग्रज वनखात्याने तिला जंगलाचा नाश ठरवून जागोजागी बंदी घातली.

आग लागते तेव्हा झाडोऱ्यातला कार्बन धूर होऊन जातो, हे खरे. पण माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही. वरचे काही सेंटिमीटर भाजतात, खालचा साठा बराचसा शाबूत राहतो, शिवाय थोडा कोळसा मातीत मिसळतो आणि तो लवकर कुजत नाही. मोठे नुकसान होते ते नंतर : उघड्या उतारावरची माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते, मशागतीने हवा लागून उरलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खाऊन टाकतात आणि नवा पाला पडत नाही. तुकडा पंधरा-वीस वर्षे पडीक राहिला तर झाडोरा परत येतो आणि साठा बऱ्याच अंशी भरून निघतो. विश्रांती तीन-चार वर्षांवर आली की भरून निघत नाही. दळीधारकांचे नेमके हेच झाले. फिरायला जागा उरली नाही, तेच तेच तुकडे कसावे लागले आणि मग माती खराब झाल्याचा ठपकाही त्यांच्याच माथी आला. नीती आयोगाने 2018 साली फिरत्या शेतीवर अहवाल दिला, त्यात अशी पडीक जमीन ओसाड न समजता कृषी-वनशेतीत धरावी असे सुचवले. ही सूचना सरकारदरबारी येईपर्यंत शतकाहून जास्त काळ गेला, एवढे नोंदवायला हवे.

खरा मोठा खड्डा पडतो तो जंगल कायमचे नांगराखाली जाते तेव्हा. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी 2002 साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैसर्गिक जंगलाची शेती झाली की मातीतला कार्बन सरासरी 42 टक्क्यांनी घटतो, गवताळ कुरणाची शेती झाली तर 59 टक्क्यांनी. विशेष म्हणजे कुरणावर झाडे लावली तरी तो सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतो असे त्यांना दिसले. गवताची मुळे दरवर्षी मरतात आणि मातीतच राहतात, त्यामुळे कुरणाचा कार्बन जमिनीखाली असतो, डोळ्यांना दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगरसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. राज्यात वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, या जिल्ह्यात ते जेमतेम पाच-सहा टक्के. ते वाढवायचे म्हणून 2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीपासून 2023 च्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेपर्यंत भर राहिला तो रोपांच्या मोजणीवर. ग्रीन क्रेडिटच्या नियमांत हेक्टरी किमान 1,100 झाडांचा निकष आला. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा धरला तर हेक्टरी सुमारे शंभर घनमीटर माती उपसली जाते, म्हणजे जवळपास 130 टन. सलग समतल चर खणले तर आणखी. डोंगरावरची माती मुळात वीतभर. तीही उलटीपालटी करून उन्हात टाकायची आणि रोपे जगली नाहीत तर हाती काय? उघड्या मुरमावर, धूप झालेल्या ओघळींत लागवड जरूर करावी. पण जिथे चांगले गवत आहे, सालई-धावड्याची रोपे आपोआप येत आहेत, तिथे खड्डे खणण्यापेक्षा चराई आणि वणवा आवरणे मातीला जास्त मानवते आणि स्वस्तही पडते.

शेताकडे वळले तर चित्र अधिक कठीण आहे. महाराष्ट्रात माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.21 ते 0.40 टक्के असला की ‘कमी’ असा शेरा पडतो. अशा जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटात हेक्टरी फार तर आठ टन कार्बन असतो. शेजारच्या वनपट्टीत तो एक टक्का असेल तर एकोणीस टन. या फरकाचाच एक भाग दर हिवाळ्यात पेटवलेल्या पऱ्हाट्यांच्या आणि उसाच्या पाचटाच्या धुरात जातो. हवा सुधारण्यासाठी 2019 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात निवडलेल्या शहरांत हे शहर आहे. दमेकऱ्यांना त्रास देणाऱ्या सूक्ष्म कणांत रस्त्यावरच्या धुळीबरोबर हा धूरही मिसळतो. शेतकऱ्याला काडी ओढायची हौस नसते. पऱ्हाटी उपटायला, कुट्टी करायला मजूर आणि यंत्र लागते, पुढच्या पेरणीची घाई असते. पोकरा प्रकल्पातून मराठवाड्यात गादीवाफ्यावरची विनानांगरणी शेती काही गावांत रुजते आहे. तिथे मुळे जमिनीतच ठेवली जातात, म्हणजे जंगल जे स्वतःहून करते त्याचीच छोटी नक्कल.

मोजमाप मात्र अर्धवटच आहे. 2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यांत सेंद्रिय कर्बही आहे. पण पत्रिका निघते ती शेतकऱ्याच्या नावे, त्याच्या गटासाठी. गायरान, पडीक माळ आणि गौताळ्याचा जळालेला उतार यांच्या नावाने ती निघत नाही. वणव्यानंतरच्या पंचनाम्यात झाडे आणि हेक्टर लिहिले जातात. मातीचा नमुना घेण्यासाठी त्यात रकाना नाही.