चिपाड, पाचट आणि गावाच्या ऊर्जेचा हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगरपासून कोल्हापूरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात दोन प्रकारचे धूर दिसू लागतात. एक कारखान्यांच्या उंच धुराड्यांतून निघतो. तो उसाच्या चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा असतो आणि त्याच्या मोबदल्यात साखर शिजते, वीजही तयार होते. दुसरा धूर तोडणी झालेल्या फडांतून संध्याकाळच्या वेळी उठतो. तो पाचटाचा असतो आणि त्यातून राखेखेरीज काही हाती लागत नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारे आमचे भाविक सप्टेंबरात ज्या उभ्या उसामधून वाट काढतात, त्याच उसाच्या दोन अवशेषांची ही कहाणी आहे. जैवभारापासून ऊर्जा मिळवण्याविषयी देशभर जी चर्चा चालू आहे, ती आपल्या परिसरात या दोन धुरांपाशी येऊन ठेपते.

वनस्पतीजन्य टाकाऊ पदार्थांना आज ‘जैवभार’ असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी पऱ्हाटी, तुराट्या, भाताचा तूस, काटक्या आणि शेणी यांवर आपल्या पिढ्या जगल्या. शासकीय अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार निर्माण होतो. चारा, इंधन आणि इतर उपयोग वजा जाता त्यातील सुमारे २३ कोटी टन शिल्लक उरतो, असे मानले जाते. दिल्लीच्या हवेत दर हिवाळ्यात मिसळणारा पराळीचा धूर डोळ्यांसमोर ठेवून केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नवे धोरण जाहीर केले. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवभाराच्या कांड्या मिसळाव्यात, असे त्यात म्हटले होते. पुरेशा कांड्या मिळेनात, म्हणून २०२३ मध्ये मुदत वाढवून पाच टक्क्यांसाठी २०२४-२५ आणि सात टक्क्यांसाठी २०२५-२६ ही वर्षे ठरवण्यात आली. ‘शिल्लक’ जैवभार कागदावर मुबलक दिसतो. प्रत्यक्षात तो लाखो बांधांवर विखुरलेला असतो, हलका असतो, जागा फार व्यापतो आणि ट्रकचे भाडे खाऊन टाकतो. पन्नास किलोमीटरच्या पलीकडून आणलेला पेंढा जाळणे क्वचितच परवडते. म्हणूनच हे इंधन स्वभावतः प्रादेशिक आहे.

या दृष्टीने साखर कारखाना ही विलक्षण सोयीची जागा होय. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा वीज विकण्याची कल्पनाही कोणाच्या मनात नसेल. परंतु इंधन गोळा करण्याचा जो प्रश्न इतरत्र सुटता सुटत नाही, तो येथे उसाच्या गाडीबरोबर आपोआप सुटतो. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० किलो चिपाड उरते. त्यात निम्मे पाणी असते, तरी ते बॉयलरमध्ये उत्तम जळते. पूर्वी हे चिपाड कसेबसे संपवणे एवढाच हेतू असल्याने कमी दाबाचे बॉयलर चालत. १९९४ पासून केंद्राने सहवीजनिर्मितीला उत्तेजन दिले, उच्च दाबाचे बॉयलर आले आणि त्याच चिपाडातून टनामागे शंभराहून अधिक युनिट वीज काढणे शक्य झाले. आज महाराष्ट्रात चिपाडावरील वीजनिर्मितीची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर गेली आहे. कोणताही गाजावाजा न होता उभे राहिलेले हे काम आहे आणि त्याचे श्रेय सहकाराला दिले पाहिजे.

मात्र या विजेचे अर्थकारण आता डळमळू लागले आहे. २०१७ साली राजस्थानातील भाडला येथे सौरविजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. त्यानंतर सहवीजनिर्मितीचा महागडा दर वीज कंपन्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. चिपाडाची वीज सूर्य मावळल्यावरही मिळते, हा तिचा मोठा गुण. परंतु ती हंगामापुरतीच मिळते. २०२४-२५ चा हंगाम तर बहुतेक कारखान्यांना शंभर दिवसही पुरला नाही. वर्षातील तीन महिने चालणाऱ्या यंत्रासाठी काढलेले कर्ज बाराही महिने व्याज मागते. सौर दराशी बरोबरी करा, असे कारखान्यांना सांगणे आम्हांला अन्यायाचे वाटते. कारण संध्याकाळच्या विजेची किंमत दुपारच्या विजेच्या मापाने मोजता येत नाही.

यापेक्षा नाजूक प्रश्न आहे तो वाटणीचा. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये सूत्र सुचवले. साखर आणि चिपाड, मळी व प्रेसमड ही उपउत्पादने मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, असे ते सूत्र होते. येथे चिपाडाची किंमत धरली जाते ती चिपाड म्हणून. त्यातून निर्माण झालेल्या विजेची नव्हे. वीज तयार करण्याचा भांडवली धोका कारखाना पत्करतो, हे खरे. पण सहकारी कारखान्याचे भांडवलही अखेर सभासदांचेच असते. तेव्हा विजेच्या उत्पन्नाचा ताळेबंद सभासदाला समजेल अशा भाषेत मांडला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता पाचटाकडे वळू. एका हेक्टरमधून आठ-दहा टन पाचट निघते. जनावरे ते खात नाहीत. खोडव्याची फूट लवकर यावी, पाणी देणे सोपे जावे, मजुरी वाचावी म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी राहून दहा टन पाला उचलणे कठीण आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या समुचित तंत्रज्ञान संस्थेने, यावर एक साधा उपाय शोधला. पाचट बंद डब्यांत भरून भट्टीत तापवायचे, त्याचा कोळसा करायचा, खळ मिसळून त्याच्या कांड्या पाडायच्या. अशा कांडीकोळशाचा स्वयंपाकघरात धूर जवळजवळ होत नाही. या कामासाठी संस्थेला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हे तंत्र गावोगाव पसरायला हवे होते, तसे ते पसरले नाही. आमच्या मते याचे कारण तंत्रात नसून हंगामात आहे: पाचट सुकलेले असते ते नेमके तोडणीच्या घाईच्या दिवसांत, तेव्हा भट्टीपाशी बसायला माणूस मिळत नाही.

शिवाय पाचटावर आणखी एक हक्कदार आहे, तो म्हणजे जमीन. पाचट न जाळता सरीत आड पसरले, तर ओल टिकते, तण दबते आणि कुजल्यावर हेक्टरी तीस-चाळीस किलो नत्र मातीला परत मिळते. पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमिनी यांनी ग्रासलेल्या ऊसपट्ट्याला सेंद्रिय कर्बाची जेवढी गरज आहे, तेवढी विजेची नाही, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. खोडवा राखायचा असेल तेथे पाचट शेतातच राहावे. शेवटचा खोडवा मोडून दुसरे पीक घ्यायचे असेल तेथे त्याचा काही भाग इंधनासाठी न्यावा. वाढ्यांचा विचार वेगळा करावा लागेल. ती विकून ऊसतोड कामगाराला चार पैसे मिळतात आणि त्याच्या बैलांनाही चारा मिळतो. ‘टाकाऊ’ म्हणून जे मोजले जाते, त्यातील बरेचसे कोणाच्या तरी उपयोगाचे असते, ही गोष्ट अहवालांतून अनेकदा निसटते.

चुलीबाबत तर ती हटकून निसटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारताच्या ग्रामीण भागात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ४३ टक्के होती. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून पुढे दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. परंतु जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत चुलीपाशी बसणाऱ्या माता आणि त्यांच्या कडेवरची बाळे किती असतील, हे सांगायला नको. अशा वेळी कांड्यांचा कारखाना पऱ्हाटी आणि तुराट्या विकत घेऊ लागला, की कालपर्यंत फुकट मिळणाऱ्या सरपणाला भाव येतो. तो भाव शेतमालकाच्या खिशात जातो. भूमिहीन बाईच्या डोक्यावरची मोळी मात्र हलकी होते. इंधनाच्या याच भाववाढीने देशातील अनेक लहान जैवभार वीजप्रकल्पही बंद पडले.

लाकडाबाबत अधिक सावध राहावे लागेल. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील ड्रॅक्स हे कोळशाचे अवाढव्य वीजकेंद्र २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लाकडाच्या गोळ्यांवर नेण्यात आले. त्यासाठी अमेरिका आणि कॅनडातून लाकूड समुद्रापार येऊ लागले आणि शासनाने अब्जावधी पौंडांचे अनुदान दिले. लाकडाच्या माहितीतील त्रुटींबद्दल २०२४ मध्ये त्या कंपनीला अडीच कोटी पौंड भरावे लागले. २०२५ मध्ये ब्रिटिश शासनाने २०२७ नंतरचा पाठिंबा सुमारे निम्म्यावर आणण्याचे ठरवले. वार्षिक पिकाचे काड पुढच्या हंगामात पुन्हा उगवते. जाळलेल्या झाडाचा कर्ब परत शोषायला दुसऱ्या झाडाला काही दशके लागतात आणि तापमानवाढ तेवढी वाट पाहत नाही.

आपल्याकडे यातून बांबूचे नाव पुढे येत आहे. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणे व नेणे सुकर झाले. तीन-चार वर्षांत तोडणीला येणारे आणि पुन्हा फुटणारे हे गवत पडीक जमिनीवर लावण्यास आमचा आक्षेप नाही. पण वनातल्या बांबूची गोष्ट निराळी. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला २००९ मध्ये. तरी आपला बांबू स्वतःच्या परवान्यावर विकण्याचा अधिकार हाती यायला एप्रिल २०११ उजाडावे लागले. उद्या वीजकेंद्रांना लाखो टन बांबू लागेल, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती राहील की पुन्हा कंत्राटदाराच्या, हे आजच ठरवून घेतले पाहिजे.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. आमचे अनेक वाचक या कारखान्यांचे सभासद आहेत. साखरेच्या दरावर तेथे हमरीतुमरी होते, ती होवो. त्याबरोबर किती चिपाड जाळले, किती युनिट विकले, कोणत्या दराने विकले, आणि सभासदांच्या शेतातील पाचट न जाळण्यासाठी कारखान्याने काय मदत केली, हे चार प्रश्न लेखी स्वरूपात आधी पाठवावेत. लेखी प्रश्नाला उत्तर टाळणे संचालक मंडळाला अवघड जाते.