दिवाळी त्यांची, बोनस आपला



गेल्या दिवाळीच्या आधी कंत्राटदाराचा माणूस धक्क्यावर आला. टेम्पोतून मिठाईचे पुडे उतरले. एकेका पुड्यासोबत एक पाकीट, पाकिटात दोन हजार. 'शेठकडून बोनस,' म्हणाला. सहीचा कागद पुढे सरकवला. कागदावर छापलेलं होतं : बोनस मिळाला, काही येणं बाकी नाही.

आमच्या टोळीत बावीस माणसं. एकोणीस जणांनी सही केली. पहिली सही माझी. मी दहावी पास, कविता लिहिणारा, मीटिंगमध्ये भांडवलशाहीची सालटी काढणारा. पण मी कागद वाचला नाही. टोळीतल्या म्हाताऱ्या मामांना धड वाचता येत नाही. त्यांनी मात्र विचारलं, 'हे पैसे कुठल्या हिशेबाचे?' आणि अंगठा दिला नाही. त्यांच्याकडे बघून आणखी दोघे थांबले.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात हुकासारखा अडकलाय. कुठल्या हिशेबाचे?

आपल्यातले काही मित्र म्हणतात, आपण बौद्ध, दिवाळी आपली नाही, मग दिवाळीच्या बोनसचं कौतुक कशाला? गड्यांनो, लक्ष्मीपूजनाचा आणि बोनसचा काही संबंध नाही. बोनस मोजला जातो हिशेबाच्या वर्षावर. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यावाच लागतो. ३१ मार्चला वर्ष संपलं तर नोव्हेंबरअखेर. मालक तो दिवाळीत देतो, कारण मग हक्काचं दान होतं आणि आपण हात जोडतो. बाबासाहेबांनी आपल्याला हात जोडायला शिकवलं नाही.

हा हक्क आकाशातून पडला नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईचे गिरणीमालक काही वर्षं बोनस देत होते. मग नाकारला. १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. चौकशी समितीने निकाल दिला की बोनसवर कामगाराचा कसलाच हक्क नाही. त्यानंतर चाळीस वर्षं भांडणं झाली, तेव्हा १९६५ चा कायदा आला. त्यात कमीत कमी ४ टक्के होते. ते पुढे ८.३३ झाले, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक पगार. १९७५ च्या आणीबाणीत कामगाराचं तोंड बांधलं आणि वटहुकमाने पुन्हा ४ वर आणले. १९७७ नंतर ८.३३ परत आले. कामगार गप्प बसला की टक्के उतरतात. याला वेगळा पुरावा कशाला?

पण टक्के कशाचे? मिळकतीचे. इथे जात घुसते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि आमची थुंकी विटाळते! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सुनावलं, ही बंदी उठवण्याची मागणी घ्या. लाल बावट्याखालच्या कामगारालासुद्धा ते जड गेलं. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आज कायम आणि कंत्राटी अशी वाटणी आहे. कंत्राटी झाडूवाला, हमाल, गटारात उतरणारा कोण, ते मस्टरवरची आडनावं वाचून बघा. जास्त पगाराच्या कामाला हात घालायचा हक्क मिळत नाही, तोवर ८.३३ टक्केसुद्धा थोड्याचेच राहणार.

आता हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६५ चा कायदा वेतन संहितेत गेला. मुख्य आकडे तसेच आहेत. वर्षात ३० दिवस भरले की बोनस लागू. ब्रेक दिला म्हणून तो बुडत नाही. कमीत कमी ८.३३, जास्तीत जास्त २० टक्के. नवं दुकान सोडलं तर तोट्यातल्या मालकालाही ८.३३ चुकत नाहीत. वीस माणसांच्या खाली कायदा लागत नाही, म्हणून एकाच कामाला दोन कंत्राटदार दाखवतात. ही चाल ओळखा.

दुसरी चाल सात हजारांची. कारकून म्हणतो, बोनस महिना सात हजारांवरच मोजायचा. २०१५ च्या दुरुस्तीत सात हजार आले खरे, पण पुढचं वाक्य तो गिळतो : सात हजार किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त ते. नव्या संहितेतही किमान वेतनाची ही अट आहे. समजा तुमचं किमान वेतन बारा हजार आहे. मग वर्षाचा कमीत कमी बोनस बारा हजारांच्या आसपास होतो. सात हजारांवर मोजला तर सातच. पाच हजार एका वाक्यात गिळले!

म्हणून हजेरीची वही स्वतःची ठेवा. तारीख, पाळी, मुकादमाचं नाव. पगाराची स्लिप मागा, नाही दिली तर लेखी मागा. एकट्याने मागू नका. एकट्याला उद्यापासून काम नसतं, बावीस जणांना असतं. कंत्राटदार पळाला तर ज्याचं काम आहे तो मूळ मालक जबाबदार आहे. मागणी करायला तीन वर्षांची मुदत आहे. आणि मुकादमाच्या कानाखाली वाजवायची खुमखुमी आवरा. कामाच्या जागी मारामारी केली म्हणून कामावरून काढलं तर बोनसही जातो. त्यांना तेच हवंय.

आणि माझी सही? हक्क सोडल्याचा कागद कायद्याने रद्दच असतो. पाकिटातले दोन हजार फार तर उचल म्हणून वळते होतील. बाकीचं येणं उभं आहे. परवा बावीस जणांच्या नावाचा अर्ज लिहिला. कवितेसाठी आणलेल्या वहीत. पहिला अंगठा मामांचा, माझी सही शेवटी.

येत्या दिवाळीत पुडा आला तर खुशाल खा. पण कागद आधी वाचा, आणि शेजारच्याला वाचून दाखवा.

जय भीम!