गुरुजींच्या कामाची पारख

गावात शिक्षकाची पारख बहुधा निकालावरून होते. निकाल उत्तम, तर गुरुजी उत्तम, असे म्हणून लोक मोकळे होतात. ही पारख सोपी खरी, पण न्याय्य नव्हे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके उसाचे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या व ट्रक फडांवर येऊ लागतात. त्यांच्याबरोबर आलेली मुले जवळच्या शाळेत मध्येच दाखल होतात. कोणाला अक्षरओळख असते, कोणाला नसते. गुरुजी असोत की बाई, त्या मुलांना जवळ बसवून मुळाक्षरांपासून आरंभ करतात. मूल वाचू लागते न लागते तोच हंगाम सरतो आणि कुटुंब आपल्या गावी परतते. वार्षिक निकालात या परिश्रमांना जागा कोठे आहे?

वाडीवस्तीवरील शाळेत अनेकदा चार इयत्ता व दोनच शिक्षक असतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. पहिलीला अक्षरे गिरवावयास द्यावीत, तोवर दुसरीची बेरीज तपासावी, अशी कसरत कुशल शिक्षक साधतो. परंतु दोघांपैकी एक निवडणुकीच्या कामावर गेला, की दुसऱ्यापाशी मुलांना सांभाळण्यावाचून उपाय राहत नाही. त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामे देण्यास मनाई केली आहे. मात्र जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांना त्यातून वगळले आहे. ही कामेही देशाचीच. तथापि दहा शिक्षकांतून एक गेला तर नऊ उरतात. दोघांतून गेला तर एकच!

वेतन, बदल्या, इमारत यांचाही परिणाम होतोच. पण गावाची साथ या सर्वांहून मोलाची. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा जिल्हा परिषदेचीच. तेथे ग्रामस्थांनी जमीन दिली, पैसा उभा केला आणि उत्साही शिक्षकांच्या पाठीशी ते उभे राहिले. २०१८ च्या सुमारास त्या लहानशा वाडीचे नाव राज्यभर झाले आणि बाहेरगावचे पालकही मुलांना तेथे प्रवेश मिळावा म्हणून धडपडू लागले.

सर्वच वाड्यांना इतके साधणार नाही. पण निवडणुकीची कामे वाटताना दोन शिक्षकांच्या शाळा सर्वांत शेवटी निवडणे तरी अवघड नाही.