‘पब्लिकला कंटाळा येतो’ म्हणे!

परवा आपल्या गावातल्या संगीत महोत्सवाच्या बैठकीला बातमीसाठी जाऊन बसलो होतो. ठरलं काय, तर यंदा प्रत्येक कलाकाराला पंचवीस मिनिटं. का? तर ‘पब्लिकला कंटाळा येतो.’ पब्लिकला विचारलं कुणी? कुणीच नाही. मी विषय काढला तर एका पदाधिकाऱ्यांनी मोबाईल पुढे केला. “आजकाल लोक तीस सेकंदांच्या वर काही बघत नाहीत, साहेब.”

हाच हिशेब मांडून अमेरिकेत तोंडावर आपटल्याचं एक उदाहरण आहे. तिथलं असलं तरी लागू पडतं, म्हणून सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोचा ग्रेटफुल डेड हा रॉक बँड. १९६८ साली त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं सिंगल म्हणून निघालं. तीन मिनिटांच्या आत आटोपलेलं, रेडिओच्या मापाचं. चाललं नाही. पुढच्याच वर्षी तेच गाणं ‘लाइव्ह/डेड’ या दुहेरी अल्बमवर आलं, फिलमोर वेस्टमध्ये २७ फेब्रुवारीला वाजवलेलं. लांबी तेवीस मिनिटं! तबकडीची एक अख्खी बाजू. शब्द थोडेच, बाकी सगळं वाजवता वाजवता सुचलेलं. ते लोकांनी उचललं आणि आजही लोक ते ऐकतात, त्यावरून भांडतात.

भांडतात हे महत्त्वाचं. रॉबर्ट ख्रिस्टगौ या जाणत्या समीक्षकाने अल्बमच्या दुसऱ्या बाजूचं तोंड भरून कौतुक केलं. त्या बाजूवर ‘द इलेव्हन’ आहे, अकरा मात्रांचं. आपल्याकडच्या रुद्र तालाइतक्याच मात्रा. यातला एक ड्रमर मिकी हार्ट आपल्या उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तालाचे हिशेब शिकलेला, पुढे झाकिरभाईंचा जन्माचा साथीदार. पण दुसरे श्रोते म्हणतात, हा नुसता गोंधळ आहे, नशेत असल्याशिवाय सोसायचा नाही. त्यांचंही ऐकावं. मी काही डेडचा भक्त नाही. ‘लव्ह लाइट’ची पंधरा मिनिटं मला दर वेळी लांबलेल्या सत्कार समारंभासारखी वाटतात. ‘फीडबॅक’मध्ये तर सात-आठ मिनिटं गिटार आणि स्पीकर एकमेकांवर किंचाळतात. पहिल्यांदा मी ते बंदच केलं होतं. तिसऱ्या खेपेला, रात्री, दिवे गेलेले असताना पूर्ण ऐकलं. आवडलं असं नाही म्हणणार, पण आता त्यावर बोलायचा हक्क मला आहे. आणि भक्तमंडळींनी “तुम्हाला कळत नाही” म्हणून तो काढून घेऊ नये. हा प्रकार आपल्या ख्याल-मैफलींच्या पहिल्या रांगेतही भरपूर चालतो.

डेडच्या मैफलींत श्रोते स्वतः माइक घेऊन रेकॉर्डिंग करायचे. बँडने अडवलं नाही, उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवली. कॅसेट एकमेकांना द्यायच्या, पैसे घ्यायचे नाहीत, हा दंडक. डिक लॅटव्हाला हा त्यातलाच एक वेडा. टेप ऐकायचा आणि कुठे काय जमलं, कुठे फसलं, याच्या नोंदी करायचा. पुढे बँडने त्यालाच आपल्या टेपसंग्रहावर नेमलं आणि १९९३ पासून त्याने निवडलेल्या मैफली ‘डिक्स पिक्स’ नावाने विकायला काढल्या. ध्वनिमुद्रणात दोष असतील तर तशी सूचना छापून! एका श्रोत्याचं मत बँडने एवढं मानलं, कारण तो अख्खी टेप ऐकायचा.

आता आपल्या समितीकडे येतो. गेल्या वर्षी पहाटेच्या सत्रात तोडी सव्वा तास चालली. मी मागच्या खुर्चीवरून मोजलं, उठून गेले ते सात जण. त्यातले तिघे चहा पिऊन परत आले. कंटाळा दिसला तो पुढच्या सोफ्यांवर, पाहुण्यांच्या भाषणानंतर फोटो काढून निघून गेलेल्यांना. त्या भाषणांना यंदा किती मिनिटं, हे बैठकीत कुणी काढलंच नाही.

पंचवीस मिनिटांत आलाप बसत नाही. बसवला तर तो रेडिओचा ‘डार्क स्टार’ होतो.

समितीची पुढची बैठक रविवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आहे. बैठक खुली आहे, मी विचारून घेतलंय. ज्यांनी ती तोडी पूर्ण ऐकली त्यांनी या. ज्यांना ती खरंच कंटाळवाणी वाटली त्यांनी तर नक्की या, फक्त कुठून कंटाळा यायला लागला तेवढं सांगा.