हडकुळ्या माणसालाही साखर होते

साखरेचा आजार बसून खाणाऱ्यांचा, उन्हात राबणाऱ्या माणसाला कसली आलीय साखर, असे पारावर आजही ऐकू येते. या समजुतीला धक्का देणारी गोष्ट एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला घडली. तिथल्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला ‘टाइप ५’, म्हणजे पाचवा प्रकार, अशी मान्यता दिली. जगात असे सुमारे अडीच कोटी रुग्ण असावेत असा अंदाज आहे. त्यातले बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतल्या गरीब घरांतले.

रोग नवा नाही. १९५५ साली जमैकात त्याची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला आपल्या यादीत जागा दिली आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ती काढून घेतली. गरिबाच्या दुखण्याचे हे असेच चालते.

मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अमेरिकेतल्या संशोधकांसह अशा बारीक रुग्णांना नीट तपासले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. नेहमीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात अंगात इन्सुलिन असते, पण लागू पडत नाही. पाटाला पाणी आहे, सरीत शिरत नाही, तसे. या रुग्णांत मात्र विहिरीलाच पाणी कमी. इन्सुलिन पुरेसे तयारच होत नाही. पहिल्या प्रकारात तर विहीर जवळजवळ कोरडी पडते आणि इन्सुलिन टोचल्याशिवाय माणूस जगत नाही.

हा फरक जिवावर बेतणारा आहे. अशा रुग्णाला पहिल्या प्रकारचा समजून भरपूर इन्सुलिन दिले आणि घरात वेळेवर भाकरी नसली, तर साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडतो. दुसऱ्या प्रकारचा समजून ‘खाणं कमी करा’ म्हटले, तर आधीच वाळलेला माणूस आणखी वाळतो. त्याला पोटभर जेवण आणि त्यात डाळ, अंडी, दूध हवे. (हे वाचून कुणी आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. ते डॉक्टरनेच ठरवायचे.)

हा वेगळा प्रकार मानायला सगळे तज्ज्ञ तयार आहेत असे नाही. पण बारीक माणसाला साखर होते, याबद्दल वाद उरलेला नाही. त्याचा पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. जन्मताना या मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. अठराव्या वर्षी त्यांतली जवळजवळ निम्मी कमी वजनाचीच होती. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडली! ज्यांची पोटात असताना वाढ खुंटली, त्यांना धोका जास्त.

आता गावातली तपासणी पाहा. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, तो तीस वर्षांपुढच्यांचा. वय, तंबाखू-दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला रोग आहे का, यावर गुण पडतात. गुण चारच्या वर गेले की आधी नंबर लागतो. गुण काहीही असोत, तिशीपुढच्या सर्वांना तपासायचे असा नियम आहे खरा, पण नंबर ज्याचा मागे, तो मागेच राहतो. पस्तिशीतला ऊसतोड मजूर घ्या. कमर बारीक, मेहनत बक्कळ, गुण शून्याला टेकलेले. त्यातून अर्धे वर्ष नाव गावच्या यादीत आणि माणूस कारखान्याच्या कोपीवर. पंचविशीतला तर फॉर्ममध्ये बसतच नाही, आणि हा पाचवा प्रकार बहुधा तिशीच्या आतच गाठतो. यात आशाताईंचा दोष नाही, कागदच तसा आखलेला आहे.

सध्या बोलबाला आहे तो वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारोच्या सर्वांत लहान डोसाची किंमत तेव्हा ३५०० रुपये होती, आणि ते आठवड्याला एक घ्यायचे. जाड माणसाला त्याचा उपयोग आहे. पण ज्याच्या बरगड्या मोजता येतात, त्याचे वजन उतरवून करायचे काय?

सरपंच-ग्रामसेवकांच्या हातात काहीच नाही असे नाही. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघण्याआधी उपकेंद्रात एक दिवस लावून बोटातले थेंबभर रक्त तपासता येते. वयाची अट बाजूला ठेवून, खाऊनपिऊनही वाळत चाललेला, रात्री चारदा उठणारा, तहान न भागणारा पोरगा दिसला तर त्याला आधी बसवावे. साखर निघाली तर डॉक्टरला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : याचे वजन किती, आणि घरी दोन वेळचे जेवण होते का.