सिस्टर परदेशी जाते तेव्हा

परिचारिका परदेशी निघाल्या की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘इथे शिकल्या आणि तिकडे गेल्या.’ हे बोलणं मला फार अन्यायाचं वाटतं. केरळच्या कितीतरी मुली खासगी कॉलेजांत, अनेकदा कर्नाटकात जाऊन नर्सिंग शिकतात. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं जातं, आईचे दागिने गहाण पडतात. शिक्षणाचा भार घरानं उचलला असेल, तर तिनं देशाचं काय बुडवलं?

2014 साली इराकमधल्या तिक्रितच्या रुग्णालयात 46 भारतीय परिचारिका अडकल्या. त्यातल्या बहुतेक केरळच्या होत्या. शहर ‘आयसिस’च्या ताब्यात गेलं, त्यांना मोसुलला नेलं गेलं. सुटका होऊन 5 जुलैला त्या कोचीला उतरल्या, तेव्हा अनेकींचं शैक्षणिक कर्ज फिटायचं होतं आणि तिकडचे पगार थकलेले होते. मृत्यूच्या दाढेतून परतलेल्या मुलीलाही हप्ता चुकत नाही.

आणि इथे थांबून तिला मिळतं काय? लहान खासगी रुग्णालयातली रात्रपाळी आठवा. एका खाटेवरचं सलाईन संपत आलंय, पलीकडे बेल वाजतेय, कोपऱ्यातल्या आजोबांना उलटी झालीय आणि धावणारी सिस्टर एकटीच. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर नेमलेल्या समितीनं पन्नास खाटांपर्यंतच्या रुग्णालयातही महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, असं 2016 मध्ये सुचवलं. तेवढ्यासाठी केरळच्या परिचारिकांना 2017 मध्ये संपाचं हत्यार उपसावं लागलं.

श्रीमंत देशांना मात्र शिकलेली, हात बसलेली परिचारिका आयती मिळते. आपली माणसं आपण घडवा, जिथून नेता तिथल्या आरोग्यव्यवस्थेला हातभार लावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची संहिता सांगते. पण ती ऐच्छिक आहे. खर्च नेणाऱ्यानं सोसणं अशक्य नाही, हे केरळ सरकारच्या ‘नोर्का रूट्स’ या संस्थेनं जर्मनीशी 2021 मध्ये केलेल्या करारातून दिसलं. त्यात निवड झालेल्या परिचारिकांना जर्मन भाषा मोफत शिकवली जाते.

एवढ्यावर भागणार नाही. जो देश एक परिचारिका नेईल, त्यानं इथे दुसरी घडवण्याचा खर्च द्यावा. आपणही इथल्या सिस्टरला पोटापुरता नव्हे, कामाच्या तोलाचा पगार द्यावा आणि तिच्या पाळीला पुरेशी माणसं द्यावीत. हे केल्याशिवाय तिला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.