मंगळावर आधी जाळे हवे

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे रेल्वे सुटली. त्यासाठी जिल्ह्याने अनेक दशके वाट पाहिली. रूळ आल्याशिवाय गाडी येत नाही, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको. मंगळाच्या बाबतीत मात्र जगाने गाड्या आधी पाठवल्या.

नासाची ‘पर्सिव्हरन्स’ बग्गी 2021 पासून तिथे फिरते आहे. तिची बहुतेक छायाचित्रे आणि मोजमापे थेट पृथ्वीवर येत नाहीत. मंगळाभोवती फिरणारी याने ती झेलून पुढे पाठवतात. ही याने मुळात मंगळाच्या अभ्यासासाठी गेलेली. निरोप पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे जोडीला आले. ‘ओडिसी’ 2001 पासून तिथे आहे, ‘एमआरओ’ 2006 पासून. डिसेंबर 2025 मध्ये यांच्यापैकीच ‘मेव्हन’ या यानाशी संपर्क तुटला आणि हा डोलारा किती थकलेल्या खांद्यांवर उभा आहे ते उघड झाले.

म्हणून संपर्क आणि दिशादर्शनासाठी खास उपग्रहसमूह हवा. मंगळाच्या विषुववृत्तावर सुमारे 17,000 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. असे तीन उपग्रह मोठा भूभाग व्यापतील, पण ध्रुव सुटतात. तिथे कललेल्या कक्षा लागतील. शिवाय मंगळावरच्या थार्सिसच्या प्रचंड पठारामुळे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नाही. उपग्रह जागचे सरकतात आणि त्यांना जागेवर ठेवण्यात इंधन खर्ची पडते.

दिशादर्शनाचा पेच घड्याळाचा. स्थान काढायला साधारणपणे चार उपग्रह एकाच वेळी दिसावे लागतात, आणि वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर 300 मीटरने चुकते. पृथ्वीवर जमिनीवरची केंद्रे ही घड्याळे सतत तपासतात. मंगळावर अशी केंद्रे नाहीत. उपग्रहांनाच एकमेकांमधले अंतर मोजून आपला हिशेब जुळवावा लागेल.

घड्याळ बिघडण्याची किंमत भारताने मोजली आहे. ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शन यंत्रणेची आखणी सात उपग्रहांची, पण पहिल्याच उपग्रहाची परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. बदली उपग्रह 2017 मध्ये उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. स्वदेशी रुबिडियम घड्याळ 2023 मध्ये ‘नाविक’च्याच ‘एनव्हीएस-01’ उपग्रहावर उडाले, 2025 मध्ये ‘एनव्हीएस-02’ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही.

या अनुभवाचे सोने करायचे असेल तर इस्रोने पुढच्या मंगळयानावर इतर देशांच्या यंत्रणांशी बोलणारा रिले-रेडिओ आणि स्वदेशी अणुघड्याळ यांना पहिल्या आराखड्यातच जागा द्यावी. शास्त्रीय काम संपल्यावरही ते यान सर्वांसाठी दुवा म्हणून चालत राहावे, इतके इंधनही राखून ठेवावे. आणि ‘नाविक’चे राखीव उपग्रह वेळेत उडावेत, यासाठी निधीची तजवीज आजच व्हावी.